आजारी माशांची मोजदाद

नदीत मेलेले मासे तरंगू लागले की बातमी होते. काठाला पांढऱ्या पोटांचा खच लागतो, वास सुटतो, गावकरी संतापतात आणि प्रदूषण मंडळाचे लोक बाटल्यांत पाणी भरून नेतात. पंचगंगेच्या, मुळा-मुठेच्या, इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. अशा मृत्यूंमागे बहुतेकदा एकच कारण सापडते. मैला, मळी किंवा इतर सेंद्रिय घाण पाण्यात कुजते, त्यात विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

हे पुस्तक त्या माशांबद्दल नाही. ज्यांची कधी बातमी होत नाही, त्या माशांबद्दल ते आहे. हे मासे पोहतात, चरतात, जाळ्यात सापडतात आणि बाजारात विकलेही जातात. पण त्यांच्या रक्तातले क्षार उतरलेले असतात, नाकाला वास कळेनासा झालेला असतो, मूत्रपिंडात कॅडमियम साठलेले असते, आणि गाबोळी भरली तरी तिच्यातून निघणारी पिल्ले तगत नाहीत. जड धातू माशाला क्वचितच एका दिवसात मारतात. ते त्याला अधू करून जगू देतात. आपण नद्यांची पाहणी करतो ती मात्र मेलेले मासे शोधण्याच्या बेताने. जिवंत पण आजारी मासा या पाहणीतून निसटतो. ही प्रस्तावना लिहिताना मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

धातूंमध्ये दोन गट पाडावे लागतात. तांबे, जस्त, लोह यांची माशाला आपल्यासारखीच गरज असते. ते अंशमात्र मिळाले नाहीत तर शरीरातली कितीतरी कामे अडतात. कॅडमियम, शिसे आणि पारा यांचा माशाच्या शरीराला काहीच उपयोग नाही. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नसले तरी त्याचे वागणे पाहता त्याला याच यादीत बसवतात. यातला एकही पदार्थ मैल्यासारखा कुजून नाहीसा होत नाही. त्याचे रूप बदलते, जागा बदलते. पाण्यातून गाळात, गाळातून अळीत, अळीतून माशात आणि मासा मेला की पुन्हा गाळात, एवढाच त्याचा प्रवास.

माणसाला चालणारे पाणी माशाला चालेलच असे नाही. हे वाक्य ऐकताना विचित्र वाटते, म्हणून आकडे देतो. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) तांब्याची सवलतीची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २००० मायक्रोग्रॅमपर्यंत जाऊ देते. माणसाच्या दृष्टीने हे आकडे योग्यच आहेत. पण सॅमन माशाच्या पिल्लांचे नाक लिटरला २ ते २० मायक्रोग्रॅम इतक्या तांब्यानेच, काही तासांत, मंदावते असे अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसले आहे. आपण पाणी पितो ते पोटात जाते. तिथे आतड्याचे अस्तर आणि यकृत पहाऱ्याला असतात. माशाचे रक्त आणि नदीचे पाणी यांच्यामध्ये असतो फक्त कल्ल्याचा पापुद्रा, मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा.

या कल्ल्यापाशी थोडे थांबायला हवे. कल्ला श्वासासाठी असतो हे शाळेत शिकवतात, पण गोड्या पाण्यातल्या माशाच्या कल्ल्याला याहून कष्टाचे एक काम असते. माशाच्या रक्तात सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम भरपूर आणि नदीच्या पाण्यात फारच थोडे. त्यामुळे शरीरातले क्षार सतत बाहेर झिरपतात आणि बाहेरचे पाणी सतत आत शिरते. मासा भरपूर पातळ लघवी करून जादा पाणी काढून टाकतो, आणि कल्ल्यातल्या खास पेशी नदीतला तुटपुंजा क्षार कण कण ओढून आत घेतात. गळक्या रांजणात अहोरात्र पाणी भरत राहावे तसे हे चालते. भरणारा हात थांबला की रांजण रिता होऊ लागतो.

तांबे नेमका तो हात धरते. सोडियम आत ओढणाऱ्या विकरांना ते निकामी करते. रक्तातले सोडियम उतरू लागते, त्यामागोमाग रक्तातले पाणी ऊतींत शिरते, उरलेले रक्त घट्ट होते, आणि ते ढकलता ढकलता हृदय थकते. तांब्याच्या तीव्र विषबाधेत मासा शेवटी मरतो तो बहुधा असा. कॅडमियमची वाट वेगळी. कल्ल्यात कॅल्शियमला आत घेणारी जी दारे असतात, त्यांतूनच कॅडमियम शिरते आणि कॅल्शियमची वाट अडवते. जस्त आणि शिसेही कॅल्शियमच्याच मुळावर येतात. शिशाचा घाला रक्तावरही असतो. हिमोग्लोबिन घडवणारे एक विकर ते बंद पाडते. दीर्घकाळ शिशात वाढलेल्या ट्राउट माशांची शेपटी काळी पडते आणि कणा वाकतो, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

ही सगळी समज एका दिवसात आली नाही. तिची सुरुवात वेल्समध्ये, अ‍ॅबरिस्टविथ गावाजवळच्या ऱ्हायडॉल आणि अस्टविथ या छोट्या नद्यांवर झाली असे म्हणता येईल. त्यांच्या खोऱ्यांत शिशाच्या जुन्या खाणी होत्या. १९२०च्या दशकात कॅथलीन कार्पेंटर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञ बाई या नद्या धुंडाळत होत्या. तोवर बऱ्याच खाणी बंद पडल्या होत्या, पण खडीच्या ढिगाऱ्यांतून पावसाबरोबर शिसे आणि जस्त वाहतच होते आणि नद्यांत मासा नव्हता. बाईंनी नदीतले किडे नोंदवले, प्रयोगशाळेत माशांना शिशाच्या क्षारांत ठेवले, आणि कल्ल्यांवर श्लेष्माचा साकळलेला थर जमून मासे गुदमरतात असे १९२७ साली लिहिले. पुढच्या संशोधनाने हे स्पष्टीकरण तीव्र मात्रेपुरतेच खरे ठरवले. मंद मात्रेत श्लेष्मा साकळत नाही, क्षारांचा तोल जातो. तरी मला या बाईंचे काम मोठे वाटते. कारखाना किंवा खाण बंद पडली म्हणजे नदी सुटली असे होत नाही, हे त्यांनी नदीत उतरून दाखवले. त्यांचे 'लाइफ इन इनलँड वॉटर्स' हे १९२८ सालचे पुस्तक गोड्या पाण्याच्या परिसंस्थेवरचे इंग्रजीतले पहिले पाठ्यपुस्तक मानतात. आपल्याकडच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नावही सहसा ठाऊक नसते.

आता नाकाकडे वळू. माशाच्या नाकातल्या वासाच्या पेशी थेट पाण्यात उघड्या असतात. मेंदूशी जोडलेली मज्जातंतूची टोके अशी बाहेरच्या जगात उघडी असलेली दुसरी जागा सापडणे कठीण. कार्ल फोन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवले की मिनो जातीच्या माशाची त्वचा फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याच्या वासाने सारा थवा घाबरून पांगतो. रोहू, कटला, मृगळ हे आपले मासे त्याच मोठ्या कुळातले. तांब्याने नाक बधिर झालेल्या माशाला हा इशारा कळत नाही. तो दिसायला धडधाकट असतो, पण शिकारी जवळ आला तरी जागचा हलत नाही. अशा माशाच्या मृत्यूची नोंद कुठेच धातूच्या नावावर होत नाही, कारण त्याला मोठ्या माशाने किंवा बगळ्याने खाल्लेले असते. अमेरिकेत या संशोधनाचा परिणाम थेट मोटारींवर झाला. ब्रेक पॅडमधून झिजून रस्त्यावर पडणारे तांबे पावसात ओढ्यांना मिळते, म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० साली ब्रेक पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. माशाच्या नाकासाठी गाड्यांचे सुटे भाग बदलायला लावणारा कायदा होऊ शकतो, ही गोष्ट मला फार धीर देते.

कॅनडातल्या सडबरी आणि रुआं-नोरांडा या खाणगावांभोवतीच्या तळ्यांनी आणखी एक धडा दिला. तिथल्या तांबे आणि निकेल वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या धुरातून धातू वर्षानुवर्षे तळ्यांत पडत राहिले. तळ्यांतला पिवळा पर्च मासा टिकला, पण खुरटा. शास्त्रज्ञांनी त्याचे रक्त तपासले तेव्हा आढळले की ताण आला असता शरीराने जे कॉर्टिसॉल सोडायला हवे ते तो नीट सोडू शकत नाही. खुरटेपणाचे मोठे कारण मात्र त्याच्या शरीराबाहेर सापडले. स्वच्छ तळ्यात पर्च लहानपणी तरंगते सूक्ष्म जीव खातो, मग तळाचे मोठे किडे, मग लहान मासे. धातूंनी तळाचे मोठे किडे आधीच संपवले होते. मधली पायरीच नाहीशी झाल्याने वाढता पर्च बारीक अळ्या टिपत राहिला, आणि एकेक अळी शोधण्यातच त्याची ताकद खर्च झाली. माशाच्या प्रकृतीवरचा परिणाम शोधायचा तर त्याच्या ताटात काय उरले आहे तेही पाहावे लागते, ते यासाठी.

शरीर प्रतिकार करत नाही असे नाही. मेटॅलोथायोनिन नावाची लहान प्रथिने यकृतात आणि मूत्रपिंडात कॅडमियम, तांबे, जस्त यांना बांधून ठेवतात. काही ठिकाणी तर पिढ्यांची निवड होऊन सहनशील मासे तयार झाले आहेत. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या हेल नदीत, जुन्या खाणींच्या पाण्यात, इतर ठिकाणचा ट्राउट मरेल अशा मात्रेत तिथला ट्राउट जगतो. पण त्या माशांची आनुवंशिक विविधता घटलेली आढळली आहे. म्हणजे किंमत चुकवूनच ते टिकले आहेत. कोणी या उदाहरणावरून 'निसर्ग जुळवून घेतो' असे समाधान मानू लागले, तर मी त्याला विचारेन, जुळवून घेण्याआधी किती मासे गेले असतील?

पाऱ्याचे प्रकरण स्वतंत्रच आहे. गाळातले जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि मग तो खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जाताना वाढत जातो. म्हणून मोठ्या, म्हाताऱ्या, मांसाहारी माशात तो सर्वांत जास्त. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या ड्रायडन इथल्या क्लोरीन आणि कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा वाबिगून नदीत सोडला. १९७० साली तिथली व्यापारी मासेमारी बंद झाली. ग्रासी नॅरोज या आदिवासी वस्तीचे जगणे ज्या वॉलाय माशावर होते, त्यात अर्धशतकानंतरही पारा जास्तच आढळतो. अशा पाऱ्याचे प्रत्यक्ष माशावर काय होते, हा प्रश्न बराच काळ मागे पडला, कारण सारे लक्ष खाणाऱ्या माणसाकडे होते. ते स्वाभाविकही होते. नंतर मिनो जातीच्या माशांना निसर्गात आढळते तेवढ्याच मात्रेचा मिथाइल पारा अन्नातून देऊन पाहिला, तेव्हा त्यांची प्रजननाची संप्रेरके घटली आणि अंडी घालणे कमी झाले.

हा इतिहास आपल्यापासून दूर नाही. पारा वापरून कॉस्टिक सोडा बनवण्याची तीच पद्धत ठाणे जिल्ह्यातही होती, आणि उल्हास नदीच्या खाडीतल्या गाळात साठलेला पारा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजून प्रसिद्ध केला आहे. भारताने पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला २०१८ साली मान्यता दिली आणि तो जुना प्रकार आता मागे पडला. गाळ मात्र जागीच आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपल्या दोन प्रकारच्या नद्यांचा भूगोल इथे कामाला येतो. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर ते कल्ल्यावरच्या जागा आधीच अडवते आणि विषारी धातूला शिरकाव कमी मिळतो. देशावरच्या भीमा-गोदावरीचे बेसॉल्टवरून येणारे पाणी त्या मानाने जड, म्हणून तिथल्या माशाला थोडे संरक्षण. कोकणातल्या आखूड, वेगवान नद्यांचे पाणी, विशेषतः पावसाळ्यात, मृदू. रसायनांच्या मोठ्या वसाहती मात्र नेमक्या तिथे: पाताळगंगेवर रसायनी, सावित्रीवर महाड, वाशिष्ठीच्या खोऱ्यात लोटे-परशुराम. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थही तांब्याला बांधून त्याची तात्पुरती धार कमी करतात. पण बांधलेले तांबे तळाला बसते, आणि धरण आले की ते धरणाच्या गाळात साचत जाते.

मग कोकणात पहिला पाऊस लागतो आणि मासे वलगणीला चढतात. गाबोळी भरलेले मासे ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून वर जातात, अंडी घालतात. याच दिवसांत उन्हाळाभर साचलेला गाळ ढवळतो, रस्ते आणि कारखान्यांची आवारे धुऊन निघतात, आणि धातूंचा पहिला लोंढा नदीत येतो. अंड्यातून नुकते निघालेले जिरे हे माशाच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक वय. त्याची आणि त्या लोंढ्याची गाठ दरवर्षी पडते. या गाठीचा पद्धतशीर अभ्यास आपल्याकडे व्हायला हवा असे मला मनापासून वाटते, कारण ती फक्त पावसाळ्याच्या देशांतच अशी पडते आणि सॅमन-ट्राउटवरच्या परदेशी संशोधनातून तिचे उत्तर मिळणार नाही.

आपले नियम याबाबतीत काय म्हणतात? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांचे वापरानुसार वर्ग केले आहेत. त्यातला 'ड' वर्ग वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठी आहे. त्याचे निकष तीन: सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी. यात एकाही धातूचे नाव नाही. धातूंच्या मर्यादा आहेत त्या कारखान्याच्या नळावर. नदीत सोडायच्या सांडपाण्यात तांबे लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, जस्त ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ३ मिलिग्रॅम म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम. नदीत ते शेकडो पटींनी पातळ होईल असे गृहीत धरले तरच माशाचा निभाव लागतो. पण एप्रिल-मे महिन्यांत पुण्याखालच्या मुळा-मुठेत वाहते ते बहुतांश शहराचे सांडपाणीच. पातळ करायला नदी हवी ना?

पुढे ते पाणी भीमेतून उजनीत जाते. भिगवणच्या बाजारात आज चिलापीचे राज्य आहे, आणि जुने भोई मरळ, वाम, शिवडा पूर्वी किती मिळत असे ते सांगतात. या बदलाचे खापर एकट्या धातूंवर फोडणे चुकीचे ठरेल. धरण, बाहेरून आलेली जात, बारीक आसाची जाळी आणि मैला ही कारणे उघड आहेत. धातूंचा वाटा किती हे सांगायला माशांच्या अवयवांतल्या धातूंच्या, एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या माशांवर घेतलेल्या, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. उलट आपल्या विद्यापीठांत काय झाले? काचेच्या टाकीत मासे सोडायचे, धातूचा क्षार घालायचा आणि ९६ तासांत निम्मे मासे कोणत्या मात्रेला मरतात ते काढायचे, अशा प्रबंधांचे कपाटे भरतील इतके ढीग झाले. ते काम कष्टाने केलेले आहे, आणि एका टप्प्यावर आवश्यकही होते. पण त्यातला प्रश्न पुन्हा मृत्यूचाच आहे. मासा मेला नाही, मग तो कसा जगला, हे विचारणारे प्रबंध त्या मानाने फार थोडे.

खाणाऱ्याच्या मनातल्या शंकेचेही इथेच थोडक्यात उत्तर देतो, कारण ती शंका घेऊनच अनेक जण हे पुस्तक उघडतील. कॅडमियम मुख्यतः मूत्रपिंडात आणि यकृतात साठते, शिसे हाडांत, खवल्यांत आणि कल्ल्यांत. मासा नीट साफ केला, कल्ले आणि आतडी टाकली, तर यांचा बराच भाग ताटात येत नाही. अख्खे खाल्ले जाणारे बारीक मासे याला अपवाद. पारा मात्र थेट मांसात, प्रथिनांना बांधलेला असतो. तो साफ करून, चरबी काढून किंवा शिजवून जात नाही. म्हणून औद्योगिक पट्ट्याखालच्या पाण्यातला मोठा मांसाहारी मासा गरोदर बाईने आणि लहान मुलांनी टाळावा हे बरे. यापलीकडे नदीचा मासाच खाऊ नये असा प्रचार मी करणार नाही. त्याने नदी सुधारत नाही, फक्त भोयांचे पोट जाते.

पुढची प्रकरणे अवयवांच्या क्रमाने लावली आहेत: कल्ला, रक्त, नाक, यकृत आणि मूत्रपिंड, कणा, गाबोळी. शेवटचे प्रकरण तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी आहे. अवयवांतले धातू मोजायला महागडे यंत्र लागते, ते नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतील. पण कल्ल्याचा तुकडा मेणात बसवून, कापून, रंगवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. पापुद्रे सुजले आहेत का, एकमेकांना चिकटले आहेत का, ते तिथे दिसते. रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण छोट्या नळीत फिरवून काढता येते. खवल्यावरच्या कड्यांवरून वयाचा अंदाज येतो, आणि लांबी-वजनावरून मासा त्या वयाला खुरटा आहे की नाही हे कळते. यासाठी मासे भोयांकडून विकत घ्यावेत, कुठल्या डोहातले, कोणत्या तारखेचे हे त्यांच्याकडूनच विचारून लिहावे, आणि तेच पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा करावे. नोंदवहीचा नमुना त्या प्रकरणाला जोडला आहे.